ऑस्कर मुलाला दिसले, ऑक्सफर्ड आईला

"आम्ही गेली बावीस वर्षे लंडनला हॅरो भागात राहतो. मुलगा वीस वर्षांचा असून मँचेस्टरला अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून तो रॅप करतो. आता एका टीव्ही मालिकेतल्या लहानशा भूमिकेसाठी त्याला दुसऱ्यांदा ऑडिशनला बोलावले आहे आणि तेवढ्यावर तो शिक्षण सोडून अभिनयाकडे वळण्याची भाषा करू लागला आहे. काही बोलायला गेले की रिझ अहमदचे नाव पुढे करतो. 'वेम्ब्लीचा मुलगा, रॅपर होता, ऑस्कर मिळवले.' मी म्हणते, तो ऑक्सफर्डचा पदवीधर होता, ते का विसरतोस? ह्यांनी तर महिनाभर अबोला धरला आहे. त्यांच्या मते रॅप म्हणजे बंदुका आणि तुरुंग. भूमिका आहे ती चोरीचा माल विकणाऱ्या दुकानदाराच्या मुलाची, सहा वाक्यांची. आपल्या नावाच्या, आपल्या रंगाच्या मुलाला यापलीकडे काही मिळेल का? त्याला पदवी सोडू द्यावी का? निदान रॅप तरी थांबवायला सांगावे का? (त्याच्या एका ट्रॅकच्या सुरुवातीला माझ्या सासूबाईंच्या आवाजातली जात्यावरची ओवी आहे. त्यांनी फोनवर म्हटली तेव्हा त्याने रेकॉर्ड करून ठेवली होती. मी ते चोरून ऐकले आहे, त्याला ठाऊक नाही.)"
एक आई, हॅरो

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला मध्येच हसू आले, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. तुम्ही मायलेक दोघेही एकाच माणसाला साक्षीला बोलावता आणि दोघेही त्याची अर्धीच साक्ष ऐकून त्याला परत पाठवता. मुलाला त्याचे ऑस्कर दिसले, तुम्हाला त्याचे ऑक्सफर्ड दिसले. या दोन गावांमधला जो लांबचा, खाचखळग्यांचा रस्ता आहे, त्यावरून तुमच्यापैकी कोणीच चालून पाहिलेले नाही. तो रस्ता मी थोडा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरे मला त्यातच दिसतात.

रिझ अहमद १९८२ साली वेम्ब्लीत जन्मला, म्हणजे तुमच्या घरापासून काही मैलांवर. त्याचे आईवडील १९७०च्या दशकात कराचीहून इंग्लंडला आले. ब्रिटिश अमदानीत अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले शाह मुहम्मद सुलेमान हे त्याच्या पूर्वजांपैकी, हे मुद्दाम सांगतो, कारण 'असल्या घरातली मुले' असा जो एक शब्दप्रयोग आपल्याकडे सहज तोंडात येतो, तो इथे लागू पडत नाही. शिष्यवृत्तीवर तो नॉर्थवूडच्या मर्चंट टेलर्स शाळेत शिकला, पुढे ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झाला आणि त्यानंतर लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामामध्ये त्याने अभिनयाचे शिक्षण घेतले. इथपर्यंत तुमची बाजू भक्कम आहे.

मात्र या सगळ्या काळात तो रॅप करतच होता. पंधरा-सोळा वर्षांचा असल्यापासून तो परवाना नसलेल्या पायरेट रेडिओ केंद्रांवर आणि रॅपच्या जुगलबंद्यांमध्ये उभा राहत असे, आणि ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी आपण उपरे आहोत ही जाणीव झाल्यावर त्याने मान खाली घालून अभ्यास उरकला असे झाले नाही, तर मित्रांबरोबर तिथे 'हिट अँड रन' नावाच्या संगीतरात्री सुरू केल्या. पुढे तो उपक्रम मँचेस्टरला गेला, हे तुमच्या चिरंजीवांना कदाचित माहीत असेल. सांगायचे असे की त्याच्यासाठी पदवी हा रॅपवरचा उतारा नव्हता आणि रॅप ही पदवीतून काढलेली पळवाट नव्हती. दोन्ही एका वेळी, एकाच डोक्यात चालू होते.

आता २००६ साल पाहा. त्या वर्षी मायकल विंटरबॉटम यांच्या 'द रोड टू ग्वांतानामो' या, ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगात डांबलेल्या ब्रिटिश मुसलमान तरुणांवरच्या चित्रपटात त्याला पहिली मोठी भूमिका मिळाली. बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, आणि तिथून परतताना ल्युटन विमानतळावर या कलाकाराला अडवून त्याची चौकशी करण्यात आली. मुसलमानांच्या लढ्याला हातभार लावण्यासाठी तू नट झालास का, असे त्याला विचारले गेले, हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी त्याने 'पोस्ट नाइन-इलेव्हन ब्लूज' नावाचे उपरोधिक रॅप गाणे केले. ते मित्रांनी इंटरनेटवर फोडले, रेडिओवर ते राजकीयदृष्ट्या नाजूक म्हणून सुरुवातीला वाजवले गेले नाही, आणि शेवटी त्याने स्वतःचीच लहानशी संगीत कंपनी काढून ते बाजारात आणले. हे गाणे विनोदकार-दिग्दर्शक क्रिस मॉरिस यांच्या कानावर गेले. त्यातून ओळख झाली आणि ओळखीतून २०१०च्या 'फोर लायन्स' या उपरोधिक चित्रपटातली प्रमुख भूमिका आली. मुलाने रॅप थांबवावा का, असे तुम्ही विचारता. ज्याचे उदाहरण तुम्ही दोघे देता, त्याने तो थांबवला असता तर ही भूमिका त्याच्याकडे येण्याची वाटच बंद झाली असती.

मी बरीच वर्षे एकांकिका स्पर्धांचे परीक्षण केले आहे, त्या अनुभवावरून थोडे अधिक सांगतो. रॅपच्या जुगलबंदीत उभा राहणारा मुलगा एक गोष्ट फार चांगली शिकतो, ती म्हणजे ऐकणे. समोरच्याने टाकलेला शब्द हवेतच झेलून त्याला उत्तर द्यायचे, तर कान तिखट असावे लागतात. आमच्या स्पर्धांमध्ये खणखणीत आवाजाची, पाठांतराची मुले ढिगाने येत, पण सहकलाकार बोलत असताना ती पुढच्या वाक्याची वाट पाहत उभी असत, आणि तिथेच त्यांचे गुण जात. रॅपमधून आलेल्या मुलाचा हा दोष सहसा नसतो. त्याची अडचण वेगळी असते. रॅपमध्ये शब्द तुमचे, लय तुमची आणि तोंड थेट प्रेक्षकांकडे. अभिनयात शब्द दुसऱ्याचे, पुष्कळदा शब्दच नाहीत, आणि प्रेक्षक जणू तिथे नाहीतच. गप्प बसून रंगमंच धरून ठेवणे रॅप शिकवत नाही. ते शिकावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

किती वेळ लागतो, ते 'साउंड ऑफ मेटल' पाहिल्यावर कळते. हा चित्रपट तुम्ही मुलासोबत एकत्र बसून पाहावा अशी माझी विनंती आहे. त्यात रिझ अहमदने रूबेन नावाच्या, झपाट्याने ऐकू येईनासे झालेल्या ड्रमवादकाची भूमिका केली आहे. त्यासाठी तो सात-एक महिने ड्रम आणि अमेरिकन खुणांची भाषा शिकला, आणि चित्रीकरणाच्या वेळी स्वतःचा आवाजही ऐकू येऊ नये म्हणून त्याने कानांत आवाज सोडणारी उपकरणे बसवून घेतली. त्यात एक प्रसंग आहे. बालोद्यानातल्या पत्र्याच्या घसरगुंडीवर, खालच्या टोकाला रूबेन बसला आहे आणि घसरगुंडीवरच एक कर्णबधिर मुलगा आहे. रूबेन बोटांनी पत्र्यावर ठेका धरतो, मुलगा त्या कंपनांना अंगाने ऐकतो आणि आपला ठेका परत पाठवतो. एक शब्द नाही. ज्या माणसाची सारी कमाई शब्दांच्या वेगावर झाली, तो इथे बोटांवर आणि डोळ्यांवर उभा आहे. तुमच्या मुलाला या प्रसंगानंतर चित्रपट थांबवून विचारा की हे तुला आज जमेल का. 'जमेल' असे उत्तर लगेच आले तर तो अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला आहे असे समजा, आणि तो विचारात पडला तर मात्र त्याच्या अभिनयाच्या बोलण्याकडे गंभीरपणे पाहा.

आता त्या ऑस्करविषयी, कारण मुलाचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर टेकलेला दिसतो. 'साउंड ऑफ मेटल'साठी २०२१ साली रिझ अहमदला प्रमुख अभिनेत्याचे नामांकन होते, पण बाहुली त्याला मिळाली नाही. त्याच्या हाती ऑस्कर आले ते पुढच्या वर्षी, २०२२ साली, आणि ते अभिनयाचे नव्हतेच. ते होते 'द लाँग गुडबाय' या सुमारे बारा मिनिटांच्या लघुपटाचे, दिग्दर्शक अनिल कारिया यांच्याबरोबर विभागून. हा लघुपट ज्याच्यातून उगवला, तो त्याच नावाचा त्याचा रॅप अल्बम २०२० साली आला होता. ज्या देशात आपण जन्मलो त्या देशाशी मोडलेल्या प्रेमप्रकरणासारखे भांडण, अशी त्या अल्बमची कल्पना आहे. लघुपटात एका साध्या दक्षिण आशियाई घरात लग्नाची गडबड चालू असते, ती आपल्यापैकी कोणाच्याही घरातली वाटावी अशी. आणि मग बाहेर हत्यारबंद माणसे येऊन उभी राहतात. शेवटी तो रस्त्यावर कॅमेऱ्याकडे पाहून जे म्हणतो ते गाणे आहे, संवाद आहे की काव्य, हे ठरवणे मला तरी जमले नाही. म्हणजे ज्या पारितोषिकाच्या जोरावर तुमचा मुलगा रॅपकडून अभिनयाकडे जायला निघाला आहे, ते पारितोषिक रॅपनेच आणलेले आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे, रंगाच्या आणि नावाच्या प्रश्नाकडे, मी मुद्दाम उशिरा येतो आहे, कारण त्याला गोड उत्तर नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात रिझ अहमदने आपल्यासारख्या नटाला मिळणाऱ्या भूमिकांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर साचेबंद माणसे असतात, टॅक्सीवाला, दुकानदार, दहशतवादी. दुसऱ्या पायरीवर पात्र त्याच समाजातले असते, पण संहिता त्या साच्याला आतून धक्के देते. तिसऱ्या पायरीवर पात्राची जात, धर्म, वर्ण यांचा कथेशी संबंधच उरत नाही. ऑडिशनची खोली आणि विमानतळावरची चौकशीची खोली त्याला सारख्याच वाटत आल्या, कारण दोन्हीकडे तुम्ही कोण आहात हे समोरच्याने आधीच ठरवलेले असते, हेही त्याने त्यात लिहिले आहे. २००६ पासून मोजले तर रूबेनपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पायरीपर्यंत ठामपणे पोचायला त्याला तेरा-चौदा वर्षे लागली. मधल्या काळात विंटरबॉटम यांच्याच 'तृष्णा'साठी तो राजस्थानात आणि मुंबईत आपल्या फ्रीडा पिंटोसमोर उभा राहिला, आणि २०१६च्या 'द नाइट ऑफ' मालिकेत त्याने न्यू यॉर्कच्या एका पाकिस्तानी टॅक्सीवाल्याच्या मुलाची भूमिका केली. कागदावर हा पहिल्या पायरीचा साचा वाटतो. पण आठ भागांमध्ये हा भाबडा विद्यार्थी तुरुंगात कसा निबर होत जातो ते पाहताना साचा कधी गळून पडला ते कळत नाही, आणि त्या कामासाठी मर्यादित मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्याचे एमी पारितोषिक त्याला २०१७ साली मिळाले.

त्याच २०१६ साली त्याने हिमांशू सुरी या न्यू यॉर्कच्या रॅपरबरोबर 'स्वेट शॉप बॉइज' या जोडीचा 'कॅशमिअर' हा अल्बम काढला. जोडीच्या आणि अल्बमच्या नावांत मिळून काश्मीर, कापड आणि घाम गाळणारे कारागीर या तिन्हींवरची कोटी आहे. त्यातले 'टी-फाइव्ह' हे गाणे विमानतळावरच्या झडतीवर आहे. याच वर्षाच्या अखेरीस 'रोग वन' हा 'स्टार वॉर्स' मालिकेतला चित्रपटही आला. एका बाजूला जगातल्या सर्वांत मोठ्या चित्रपट व्यवसायात दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये म्हणायची आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या वाक्यांना स्वतःच्या नावाने बाजारात आणायचे, हे त्याने कधी सोडले नाही. माझ्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली इथेच आहे. दुसऱ्यांच्या संहितेत स्वतःचे म्हणणे मांडायला जागा नसे, त्या दिवसांत रॅपने त्याचे म्हणणे जिवंत ठेवले, आणि जेव्हा जागा मिळाली तेव्हा मांडायला काहीतरी शिल्लक होते. आपल्याकडे हे नवीन नाही. नाथांच्या भारुडात म्हणणारा विंचू चावलेल्या बाईचे सोंग घेऊनच अध्यात्म सांगतो, आणि शाहीर अमर शेख, ज्यांच्या पहाडी आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा भारल्या, त्यांनी 'प्रपंच' चित्रपटात भूमिकाही केली. तेव्हा कोणी त्यांना आधी शाहिरी सोडा असे म्हटले नव्हते.

तुमच्या यजमानांच्या धास्तीबद्दल थोडक्यात लिहितो. ती अगदीच निराधार नाही. 'सो सॉलिड क्रू' या लंडनच्या गटाचे '२१ सेकंड्स' हे गाणे २००१ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. गटात माणसे इतकी की प्रत्येकाच्या वाट्याला एकवीसच सेकंद आले होते. त्यातल्या अॅशली वॉल्टर्सला पुढच्याच वर्षी भरलेले पिस्तूल बाळगल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. परंतु हा मुलगा रॅपर होण्याआधी नट होता, लहानपणीच नाट्यशाळेत शिकलेला आणि मुलांच्या मालिकेत काम केलेला. तुरुंगातून सुटल्यावर २००४च्या 'बुलेट बॉय'मध्ये त्याने तुरुंगातून सुटलेल्या तरुणाचीच भूमिका केली, 'टॉप बॉय' या मालिकेत अनेक वर्षे ड्यूशेन साकारला, आणि २०२५ साली ज्या 'अॅडोलसन्स' मालिकेने घराघरांतल्या आईबापांची झोप उडवली, तिच्यातला तपास अधिकारी तोच. तिचा प्रत्येक भाग एकाच सलग चित्रीकरणात, मध्ये न थांबता घेतलेला आहे. यजमानांनी ती पाहिली असेल तर त्यांना एवढेच सांगा की तो गंभीर, मुलाला समजून घेता न आलेला पोलीस बाप एके काळी रॅपर होता. 'टॉप बॉय'मधला त्याचा जोडीदार केनो हाही रॅपर, आणि त्याने मालिका चालू असतानाही अल्बम काढणे थांबवले नाही.

आता करायचे काय, ते सांगतो. ऑडिशनला त्याने जरूर जावे. सहा वाक्ये असली तरी चित्रीकरणाच्या ठिकाणी दिवसभर कसे थांबावे लागते, दिव्यांची मांडणी होईपर्यंत नट काय करतात, आपले वाक्य येते तेव्हा किती माणसे घड्याळाकडे पाहत असतात, हे ज्ञान कोणत्याही वर्गात मिळत नाही. भूमिका साचेबंद आहे हे खरे. म्हणून त्याने एक साधा प्रश्न विचारावा की हा दुकानदाराचा मुलगा दृश्यात काही ठरवतो का, की त्याच्याविषयी दुसरेच ठरवतात. ठरवत असेल तर सहा वाक्यांतही करण्यासारखे काही सापडेल. नसेल तर अनुभव म्हणून एकदा करावे आणि पुन्हा तसेच बोलावणे आले तर नाही म्हणायला शिकावे. पहिले काम नाकारण्याची चैन फार थोड्यांना परवडते.

पदवी मात्र सोडू नये. 'नट झाला नाही तर निदान नोकरी मिळेल' हे कारण तुम्ही त्याला देऊ नका. वीस वर्षांच्या मुलाला ते कारण अपमानासारखे लागते. कारण साधे आणि व्यवहाराचे आहे. त्याचे एकच वर्ष उरले आहे, आणि इंग्लंडमधल्या अनेक नाट्यशाळा पदवीधरांसाठी वेगळे, कमी मुदतीचे अभ्यासक्रम चालवतात, ज्यांचे दार आज अर्धवट शिक्षण सोडणाऱ्याला उघडे राहीलच असे नाही. नॅशनल यूथ थिएटर पंचवीस वर्षांपर्यंतच्या मुलांच्या निवड चाचण्या घेते, तिथे तो शिकत असतानाच जाऊ शकतो. शिवाय मँचेस्टरमध्येच, विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तरुणांना घडवण्यासाठी ओळखले जाणारे काँटॅक्ट थिएटर आहे. ते ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव ऑक्सफर्ड रोड. तेव्हा तुमचा हट्टही थोडाफार पुरा होईल.

राहिला तो कंसातला मजकूर. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही कंसात घातली आहे. रिझ अहमदने बासम तारिक या दिग्दर्शकाबरोबर लिहिलेला 'मोगल मोगली' नावाचा चित्रपट आहे. त्यात एक रॅपर मोठ्या दौऱ्याच्या तोंडावर आजारी पडून आईवडिलांच्या घरी येतो, आणि त्याच्या आजारात वडिलांची फाळणी, कव्वालीचे सूर आणि मुंबईत वर्षानुवर्षे राहून शेवटी लाहोरला गेलेल्या मंटोंच्या फाळणीवरच्या कथेतला टोबा टेक सिंग मिसळत जातात. हे सामान त्याला कोणत्याही नाट्यशाळेने दिले नाही, ते घरातले होते. तुमचा मुलगा आजीचा आवाज जपून ठेवतो आणि आपल्या शब्दांच्या आधी तिचे शब्द ठेवतो. जात्यावर बसलेली बाई दळता दळता स्वतःचे रचून म्हणते आणि तिचा नातू माइकसमोर स्वतःचे रचून म्हणतो, यातले नाते त्याने कोणी न सांगता ओळखले आहे. सहा वाक्यांच्या भूमिकेवरून मी त्याच्याविषयी काही सांगू शकत नाही. या ओवीवरून मात्र त्याच्याकडे म्हणण्यासारखे काही आहे असे मला वाटते.

तो सुट्टीत घरी येईल तेव्हा पदवीचा विषय दोन दिवस काढू नका. रात्री भांडी आवरताना त्याला सांगा की तो ट्रॅक मी ऐकला आहे, आणि ओवीतला एखादा शब्द त्याने चुकीचा समजून पुढे इंग्रजीत चुकीचा आणला असेल तर तेही सांगा. सासूबाईंना आणखी किती ओव्या येतात तेही त्याला सांगा, आणि शक्य असेल तर त्यांच्या सगळ्या ओव्या, नुसत्या फोनवरून नव्हे, चांगल्या माइकवर रेकॉर्ड करून घ्यायला त्याला या वर्षीच गावी पाठवा. यजमान अबोला सोडत नसतील तर तिकीट त्यांना काढायला सांगा. ओवी त्यांच्या आईची आहे.